मागचं पाठ, पुढचं सपाट

गाडीचं दार नीट लागलं नाही, गाडी ओरडते. पट्टा लावला नाही, ओरडते. शेजारच्या सीटवर भाजीची जड पिशवी ठेवली, तर दुधी भोपळ्यालाही पट्टा बांधा म्हणून ओरडते. वेग ८०च्या वर गेला की अधूनमधून टुकटुक, १२०च्या वर गेला की अखंड. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना पट्ट्याची आणि वेगाची ही कटकट सरकारने सक्तीची केली, आणि ते बरंच झालं. पण पुढचा एक हेडलाइट उडाला, तर रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या मौन पाळतात. बल्ब गेल्याची बातमी अख्ख्या हायवेला असते, मालकाला सोडून.

मालकाचाही तसा इलाज नसतो. तो बसतो दिव्यांच्या मागे. शहरात खांबांवरचे दिवे, दुकानांच्या पाट्या आणि शेजारच्या गाड्यांचा उजेड इतका असतो, की आपल्या दोनपैकी एक दिवा आज कामावर आलेला नाही हे लक्षातच येत नाही. गाव मागे पडलं की रस्ता जरा अंधुक वाटायला लागतो. मग माणूस आधी पुढची काच पुसतो, नंतर चष्मा पुसतो, शेवटी बांधकाम खात्याचा उद्धार करतो. बल्बवर संशय घ्यायची पाळी त्यानंतर येते, तीही आली तर.

डॅशबोर्डवर निळा दिवा लागतो ना, असं कुणी म्हणेल. लागतो. पण तो निळा दिवा फार भोळा आहे. अप्परचं बटण चालू झालं, एवढंच त्याला माहीत असतं. वीज पुढे बल्बपर्यंत पोचली का, बल्बातली तार शाबूत आहे का, ही चौकशी त्याच्या कार्यकक्षेत येत नाही. आदेश निघालेला आहे; अंमलबजावणीचं दुसऱ्या टेबलावर विचारा. डिपरची हिरवी खूणही त्याच खात्यातली.

त्या मानाने इंडिकेटर प्रामाणिक. एका बाजूचा बल्ब गेला, की त्या बाजूची टिकटिक एकदम घाईला येते. फ्लॅशरमधून जाणारा करंट कमी झाला की ती ताल सोडते, आणि ही सोय आजोबांच्या गाडीतही होती. म्हणजे कळवण्याची विद्या नवी नाही, महागही नाही. तरी २१ वॅटच्या इंडिकेटरचं दुखणं गाडी बोंब मारून सांगते आणि ५५ वॅटच्या हेडलाइटचं पोटात ठेवते.

महागड्या गाड्यांचं तसं नाही. त्यांचा कॉम्प्युटर प्रत्येक बल्बचा करंट मोजतो आणि बल्ब गेला की पडद्यावर लेखी तक्रार दाखल करतो. आता आपली कर्तबगारी पाहा. हौशी मालक कंपनीचा बल्ब काढून बाजारातला एलईडी बसवतो. एलईडी वीज कमी खातो, कॉम्प्युटरला वाटतं बल्ब गेला, आणि तो तक्रार करत राहतो. त्यावरही बाजारात इलाज आहे. एक छोटी डबी वायरीत बसवायची. ती उगाचच वीज खात बसते आणि कॉम्प्युटर शांत होतो. सगळ्या देशात खरं बोलणारी एक गाडी सापडली, तर तिचंही तोंड बंद करायला आपण खिशातून पैसे घालतो.

एक दिवा गेला तर काय मोठंसं बिघडलं, दुसरा आहे की, असं म्हणणारे सद्गृहस्थ आहेत. त्यांनी एवढंच करावं. रात्री साताऱ्याकडून पंढरपूरकडे, नाहीतर कुठल्याही दुपदरी रस्त्याने जावं. आपण डावीकडून चालतो, म्हणजे समोरून येणाऱ्याचा उजवा दिवा आपल्या अंगाला. नेमका तोच गेलेला असला, की लांबवर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, एकुलता एक दिवा दिसतो. आपण म्हणतो, मोटारसायकल आहे, येऊ दे, जागा रग्गड आहे. मग ती मोटारसायकल जवळ येते आणि तिला डंपरची रुंदी फुटते. गेलेल्या दिव्याचा तोटा ज्याचा दिवा गेला त्याला थोडा, समोरच्याला पुरा.

आता अप्परवाल्यांविषयी. समोरून डोळ्यांत प्रकाशाचा भाला खुपसत येणारा माणूस माजोरीच असतो, अशी आपली पक्की समजूत आहे. पुष्कळदा ती बरोबरही असते. पण साध्या हॅलोजन बल्बात दोन तारा असतात, एक डिपरची आणि एक अप्परची. रोज राबते ती डिपरची, म्हणून आधी जातेही तीच. मग डिपर लावला की पुढे अंधार, अप्पर लावला की लख्ख. मालक अप्परवर गाडी हाकत राहतो आणि स्वतःवर खूश असतो. आपण चार वेळा डिपर मारून त्याची आई-बहीण काढतो. त्याला वाटतं, लोक आपल्याला ओळख दाखवतायत.

या देशात दुसऱ्याचा दिवा तपासायची फुकट यंत्रणा एकेकाळी होती. तिचं नाव जनता. भर दुपारी कुणाच्या स्कूटरचा लाइट चालू राहिला, तर अख्खा रस्ता त्याच्याकडे बघून हाताची बोटं उघडझाप करायचा. शाळकरी पोरं ओरडायची, आजीबाई ओरडायच्या, सिग्नलला शेजारी थांबलेला अनोळखी माणूस खांद्याला हात लावून सांगायचा. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागायला लागला, सुरक्षेसाठी, आणि ठीकच झालं. जुन्या सवयीने लोक आणखी दोन-तीन वर्षं बोटं हलवत राहिले, मग दमले. पण गंमत अशी, की दिवसा चालू असलेला दिवा दाखवायला ज्यांच्याकडे एवढा उत्साह होता, त्यातल्या कुणीही रात्री बंद असलेला दिवा कधी दाखवला नाही. आपल्याला काळजी बॅटरीची होती. समोरच्याच्या जिवाची असती, तर रात्रीसाठीही एखादी खूण आपण शोधून काढली असती.

बरं, सरकार काय करतं? सरकार तपासतं. वाहतुकीच्या गाडीला फिटनेस लागतो. पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांचा, पुढे दरवर्षी. त्यात हेडलाइटची तपासणी आहे. खासगी मोटारीला मात्र नोंदणी एकदा झाली की १५ वर्षं कुणी विचारत नाही. बारशाला घेतलेल्या गाडीच्या दिव्यांकडे आरटीओ पुन्हा बघतो, तेव्हा पोरगं दहावीला असतं. ब्रिटनमध्ये साध्या घरगुती मोटारीलाही तीन वर्षं झाली की दरवर्षी एमओटी चाचणी द्यावी लागते, आणि तिथे दिवा लागतो का आणि त्याचा नेम बरोबर आहे का, दोन्ही बघतात.

नाही म्हणायला आपल्याकडे पीयूसी आहे. मुदत संपली की आपण निमूट रांगेत उभे राहतो. पीयूसीवाला येतो, गाडीच्या मागे नळी खुपसतो, नंबरप्लेटचा फोटो काढतो, कागद देतो, पैसे घेतो. मागून पुढे यायला त्याला चार पावलं पडतील. पण पुढे या, असं त्याला कुणी सांगितलेलं नाही. धूर मागून निघतो, म्हणून तपासणी मागून. दिवा पुढे असतो, ही माहिती अजून वर पोचायची आहे.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कॅमेरे आहेत. तुमचा वेग दिसतो, पट्टा दिसतो, लेन तोडलेली दिसते, नंबर तर रात्रीच्या काळोखातही वाचता येतो. दंडाची चिठ्ठी घरी पोचायच्या आत मोबाइलवर येते. म्हणजे निरोप पोचवायची सोय झालेली आहे. त्याच मोबाइलवर ‘तुमचा डावा दिवा बंद आहे, बदलून घ्या’ एवढं एक वाक्य, दंडाशिवाय, आलं तर कुणाचं काय जाईल? जाईल ते महसुलाचं.

ते जमणार नसेल तर आणखी स्वस्तातलं सांगतो. पेट्रोल पंपावर हवा फुकट, पाणी फुकट, स्वच्छतागृह फुकट द्यावं लागतं. त्यात एका आरशाची भर टाका. पंपातून बाहेर पडायच्या वाटेवर, गाडीच्या तोंडासमोर एक फुगीर आरसा. सोसायट्यांच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये वळणावर लावतात, तसलाच. रात्री पेट्रोल भरून निघालेल्या माणसाला आपल्या गाडीचं तोंड दिसेल. सगळ्या महाराष्ट्राला ते रोज दिसतं. एकदा त्यालाही दिसू दे.

आरसा येईपर्यंत भिंत आहे. बंद दुकानाचं शटर आहे. सिग्नलला पुढे उभ्या टेम्पोची पाठ आहे. तिच्यावर दोन ठिपके पडायला हवेत. भिंत असेल तर आणखी एक गोष्ट दिसते. डिपरच्या उजेडाला वरून एक कड असते. आपल्या देशात ती कड उजवीकडे सपाट आणि डावीकडे थोडी वर चढलेली हवी, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जात नाही आणि डाव्या कडेचा सायकलवाला दिसतो. हॅलोजनच्या घरात एलईडीचा भाडेकरू आणून बसवला, की बऱ्याचदा ही कडच गायब होते आणि उजेड झाडांच्या शेंड्यांवर जातो. पाखरांची सोय होते. रस्त्याची होत नाही.

स्टिअरिंगच्या आसपास ०, १, २, ३ असे आकडे लिहिलेलं एक छोटं चाक पुष्कळ गाड्यांना असतं. ते कशासाठी, हे गाडी विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. ते दिव्यांचा नेम खाली-वर करायला असतं. मागच्या सीटवर तिघं आणि डिकीत लग्नाचं सामान भरलं, की गाडीचं बूड बसतं, तोंड वर होतं आणि साधा डिपरही समोरच्याला अप्परसारखा लागतो. अशा वेळी चाक फिरवून नेम खाली आणायचा असतो. आपल्याकडे त्या चाकाचा मुख्य उपयोग पोरांना फिरवायला.

मागच्या लाल दिव्याबद्दल बोलायलाच नको. उसाचा हंगाम सुरू झाला, की सांगली-कोल्हापूरकडच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर निघतात. पुढे गाण्यांचा आवाज, मागे मिट्ट काळोख. टेललॅम्प नाही, रिफ्लेक्टरवर चिखल, आणि उसाची वाढं बाहेर आलेली. दर हंगामात कुठेतरी कार्यक्रम होतो. मान्यवरांच्या हस्ते ट्रॉलीला लाल पट्टी चिकटवतात, फोटो पेपरात येतो. पुढच्या ट्रॉलीला पट्टी पुढच्या फोटोच्या वेळी.

आपण गाडीची तपासणीच करत नाही, असं मात्र म्हणवत नाही. दर शनिवारी लिंबू-मिरची ताजी आहे ना, हे न चुकता बघतो. ती लटकते कुठे? पुढच्या बंपरला, दोन दिव्यांच्या बरोबर मधोमध. नजर तिथवर जाते आणि परत येते. वीतभर डावीकडे, वीतभर उजवीकडे गेली असती, तर दृष्ट लागण्याच्या निम्म्या घटना टळल्या असत्या.

जर्मनीत १९५६ पासून दर ऑक्टोबरात गाड्यांच्या दिव्यांची मोफत तपासणी होते. गॅरेजमध्ये जायचं, दिवे दाखवायचे, नेम चुकला असेल तर दुरुस्त करून घ्यायचा, सगळं ठीक असेल तर काचेवर स्टिकर लावून घरी. थंडी आणि अंधार सुरू व्हायच्या आत लोक हे उरकतात. आपल्याला वेगळा मुहूर्त शोधायची गरज नाही. आपला दसराही त्याच सुमाराला येतो, आणि त्या दिवशी महाराष्ट्रातली झाडून सगळी वाहनं धुऊन-पुसून उभी असतात. गाडीला हळद-कुंकू, स्वस्तिक, नारळ, झेंडूचा हार, सगळं होतं. फक्त दिवा लावून बघायचं राहतं. उलट बऱ्याच ठिकाणी हार पडतो तो नेमका दिव्यांवर, आणि तो वाळून गळेपर्यंत तिथेच राहतो.

तेव्हा यंदा दसऱ्याला अंधार पडल्यावर गाडी भिंतीकडे तोंड करून उभी करा. डिपर लावा, अप्पर लावा आणि भिंतीवरचे ठिपके मोजा. मग घरातल्या कुणालातरी मागे उभं करून ब्रेक दाबा. ठिपके दोन दिसले तर आनंद आहे. एकच दिसला, तर दुसऱ्या दिवशी आधी इलेक्ट्रिशियनकडे. सोनं वाटायला उशीर झाला तरी चालतो. आणि हार बॉनेटवर घाला, दिव्यांवर नको.