पाणी निवळू द्या, तात्या!

वळवाचा पाऊस झोडपून गेला की दुसऱ्या दिवशी शिराळ्याच्या पुलावर मोरणेचं पाणी तपासायला जेवढे तज्ज्ञ जमतात, तेवढे पाटबंधारे खात्यातही नसतील. गळ मात्र दोघांकडेच. बाकीचे सल्लागार.

विलायतेत असल्या दिवसांत ट्राउट धरतात म्हणे. पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करायची आणि ती पाण्यावर अलगद फेकायची. ट्राउट नजरेनं शिकार करतो, त्यामुळे पावसानं नदी गढूळली की साहेब घरी चहा पीत बसतो. इंग्रजांनी हा मासा काश्मिरात आणि निलगिरीत सोडला, आमच्या वारणा नदीला मात्र वगळलं. बरंच झालं. त्याला गारेगार पाणी लागतं, आणि आमच्या डोहात वैशाखात म्हशीसुद्धा नाखुशीनं उतरतात.

आमचा शिंगटा वेगळ्या घडणीचा. त्याच्या मिशांना चव कळते. पाणी कितीही तांबडं होवो, गांडूळ कुठं आहे ते तो मिशीनं हुडकतो. मिशीचा एवढा उपयोग करणारा अख्ख्या तालुक्यात तो एकटाच असावा.

"पाणी चढतंय तवर कडंला टाक," एक आण्णा सांगतात. हे खरं आहे. मधली धार जोरात असली की मासा काठाच्या संथ पाण्यात, दगडाच्या आडोशाला येतो. पण तात्यांना ते पटत नाही. "आधी निवळू दे. उतरत्या पाण्याला मासा भुकेला असतोय." यावर दोघांत इतकी जुंपते की तोवर पाणी चढून, उतरून, मांगल्याजवळ वारणेला मिळून जातं. मग विषय चांदोली धरणावर. त्या 34 टीएमसीत मासे किती, याचा आकडाही पुलावर तोंडी मिळतो.

एवढ्यात एकाच्या गळाला काहीतरी जड लागलं. झटक्यात वर ओढलं तर हातभर लांब, काळपट, वळवळतं! ज्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या नागपंचमीला जिवंत नाग हाताळले, त्या गावचा तो गडी "साप! साप!" ओरडत काठी टाकून पळाला. वाम होती. काठीसकट नदीत गेली.

तात्यांनी तपकीर ओढली.

"म्हणून म्हणत हुतो, पाणी निवळू द्या. गढुळात नीट दिसत न्हाई."