सालंकृत वही आणि निर्धोक मस्तक

१८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी सुरू झाल्यापासून, मोठ्या गाडीतला माल उतरवून छोट्या गाडीत चढविण्याचा जो रिवाज कुर्डुवाडी जंक्शनात चालत आला, तो रूळ रुंद झाल्यावर स्थानकातून हद्दपार झाला असला, तरी वर्गांत अद्याप निर्वेध चालू असून, फळ्यावरील मजकूर विद्यार्थ्याच्या मस्तकास यत्किंचितही तोशीस न देता थेट वहीत उतरतो. या वहीस तांबडा समास, रंगीत शीर्षके आणि तपकिरी कव्हर अशी सर्व अलंकारसामग्री असते. स्वतःच्या शब्दांतले वाक्य मात्र आढळताच तांबड्या शाईची जप्ती ठरलेली. राज्य सरकारनेही दप्तराचे ओझे घटविण्याच्या सद्हेतूने २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच ‘माझी नोंद’ या मथळ्याची कोरी पाने बांधली. परंतु पुस्तकांसोबत वह्याही दप्तरात पूर्ववत येत असल्याचे निदर्शनास आल्यामुळे २०२५ च्या जानेवारीत ती योजना रद्दबातल झाली. सबब गुरुजनांस विनंती एवढीच, की वहीच्या सौंदर्यास गुण खुशाल द्यावेत. परंतु विद्यार्थ्याने स्वतः विचारलेला एक तरी प्रश्न तीत असल्यावाचून तिच्यावर सही करू नये.