अर्ध्या डॉलरचा नवरा

आमच्या घरी टीव्हीवर ‘द फर्स्ट वाइव्ह्ज क्लब’ लागला की ओट्यावरची भांडी न सांगता घासली जातात. घासणारे गृहस्थ अवाक्षर काढत नाहीत, फक्त अधूनमधून डोकावून ‘अजून संपला नाही का गं?’ एवढंच विचारतात. आपली बायको, तिची घटस्फोटित मैत्रीण आणि आपली सख्खी आई एकमेकींना टाळ्या देत बसल्यात, हे पाहून कुठल्या नवऱ्याला बरं वाटेल?

१९९६ सालचा हा अमेरिकी विनोदपट, ऑलिव्हिया गोल्डस्मिथच्या कादंबरीवरून काढलेला. गोल्डी हॉन, बेट मिडलर आणि डायन कीटन या तिघींचे जन्म सहा-सात आठवड्यांच्या आतबाहेरचे, त्यामुळे सिनेमा आला तेव्हा तिघीही पन्नाशीच्या. हॉलिवूड ज्या वयात नट्यांसाठी आजीच्या भूमिका शोधू लागतं, त्या वयात या बायांनी जगभरातून १८ कोटी डॉलरचा गल्ला जमवला.

सुरुवात मात्र चक्क आत्महत्येने. नवऱ्याने तरुण मुलीशी लग्न केलं म्हणून सिंथिया उंच इमारतीवरून उडी घेते, तीही मिंकचा कोट घालून. तिच्या मयताला कॉलेजातल्या तिघी मैत्रिणी भेटतात. मग जेवण, मग दारू आणि मग एकेकीची रडकथा. मॉर्टीचा इलेक्ट्रॉनिक्सचा धंदा उभा राहताना त्याची बायको ब्रेंडा त्याच्या पाठीशी होती. धंदा फळाला आल्यावर तिच्या जागी तरुण शेली आली. अ‍ॅनीच्या नवऱ्याचं प्रकरण तर तिच्याच मानसोपचारतज्ज्ञ बाईंशी. पैसे मोजून जिच्यापुढे संसाराचं गाऱ्हाणं गायचं, तिनेच तो संसार उचलून न्यायचा! मला सगळ्यात झोंबतं ते हे. तिसरी एलिस, नटी. वय लपवायला ओठांत सारखं काहीतरी भरून घेते. तिला पाहून सासूबाई कळवळल्या, ‘हिला गांधीलमाशी चावली का गं?’

एलिसचा निर्माता नवरा मालमत्तेत अर्धा वाटा मागतो, वर पोटगीही.

‘नवरा पोटगी मागतो? हे अमेरिकेतच होणार बाई!’ सासूबाई म्हणाल्या.

‘नाही हो काकू,’ मैत्रीण म्हणाली. फॅमिली कोर्टाच्या बाकांवर बसून बसून तिचा निम्मा कायदा पाठ झालाय. ‘हिंदू विवाह कायद्याची २४ आणि २५ कलमं बघा. नवराही मागू शकतो.’

सासूबाईंनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली.

अर्ध्या वाट्याचं मात्र आपल्याकडे तसं नाही. घर नवऱ्याच्या नावावर असेल तर त्यातला अर्धा भाग बायकोला आपोआप मिळत नाही. गोव्यात मात्र पोर्तुगीज काळापासूनचा वेगळा कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक, निम्मी-निम्मी. ‘मी गोंयकार असते तर आज रिक्षाने आले नसते,’ असं मैत्रीण दर वेळी म्हणते.

एलिसचा तोडगा लाजवाब आहे. ती सगळी मालमत्ता अ‍ॅनीला एका डॉलरला विकून टाकते. अर्ध्या वाट्याचा हिशेब वाचकांनी आपला आपण करावा. इथे आमच्या सोफ्यावर हमखास टाळी पडते.

टाळी न पडणारी जागाही आहे. नव्या पोरींना सिनेमा निव्वळ मठ्ठ ठरवतो. बायकांची किंमत वयावर आणि मापावर करणाऱ्या जगावर चिडायचं आणि शेलीला झोडपताना तीच फूटपट्टी काढायची, हे काही बरं नाही. शिवाय या तिघींचा सूड चालतो तो गाठीशी पैसा असल्यामुळे. शेवटी त्या सिंथियाच्या नावाने अडचणीतल्या बायकांसाठी केंद्र काढतात, तेव्हा कुठे बिनपैशाच्या बायकांची आठवण होते.

तरी एक गोष्ट सिनेमाला पक्की कळली आहे: रडून झाल्यावर कागद लागतात. मॉर्टीच्या भानगडींचे पुरावे मिळवायला तिघी त्याच्या आलिशान घरात घुसतात आणि पळताना उंच इमारतीच्या काचा पुसायच्या झुल्यावर लोंबकळत, किंचाळत खाली येतात.

तेव्हा घटस्फोटाच्या वळणावरच्या मैत्रिणीला हा सिनेमा जरूर दाखवा. पण त्याआधी घराची कागदपत्रं, बँकेची पासबुकं, विम्याच्या पॉलिसी, सगळ्यांच्या झेरॉक्स तिला काढून ठेवायला सांगा. झुल्यावर लोंबकळण्यापेक्षा ते केव्हाही स्वस्त पडतं.