फावड्याचं तेलपाणी

कामठीच्या वैशाखात सगळंच थोडं सैल होतं. दारं चौकटीत खुळखुळतात, खाटेचे पाय कुरकुरतात, माणसांची वाक्यं अर्ध्यावर थांबतात आणि कुदळ आपल्या दांड्यावर संमतीची मान डोलवू लागते. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. असल्या उन्हात लाकडाने स्वतःतलं होतं नव्हतं ते पाणी सोडून दिलं, तर त्याला बोल कुणी लावावा? पुढे मृग येतो, कन्हान गढूळते, हवेलाच घाम फुटतो आणि तेच लाकूड फुगून नेढ्यात पुन्हा घट्ट बसतं. मधल्या काळात उतावळा माणूस कुदळ रात्रभर बादलीत बुडवून ठेवतो. सकाळी ती घट्ट असते, दुपारी पुन्हा डोलते. आणि दर वेळी फुगताना लोखंडाशी भांडून लाकडाचे तंतू थोडे अधिकच चेपले जातात. शहाणी माणसं पाचर ठोकतात. त्याहून शहाणी माणसं लाकूड तहानलेलं असतानाच त्याला तेल पाजतात.

निवृत्तीनंतर मी या तिसऱ्या जमातीत आपलं नाव घालून घेतलं. परसात माझी जेमतेम बाग आणि तिच्यासाठी संस्थान चालावं एवढी अवजारं: फावडं, कुदळ, टिकास, विळा, दोन खुरपी. सब्बलही आहे, पण ती अंगाने सगळीच लोखंडाची. तिला कुणाच्या मायेची गरज नाही. बाकीच्यांसाठी जवसाचं तेल. आमच्या विदर्भात हिवाळ्यात जवसाचं शेत निळ्या फुलांनी असं भरतं, की आभाळ पाणी प्यायला खाली उतरलं असावं. पण या तेलाचा खरा गुण फुलासारखा नाजूक नाही. गोडेतेल दांड्याला लावलं तर महिनाभर चिकट राहून अंगणातली सगळी धूळ गोळा करतं. जवसाचं तेल वाळतं. वाळतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू शोषून घेतं, वजनाने भरतं आणि लाकडाच्या आत-बाहेर घट्ट होऊन बसतं. याच गुणावर चित्रकारांनी शतकानुशतकं तैलरंग खलले. राजा रविवर्म्याच्या देवींची कांती आणि माझ्या फावड्याचा दांडा यांचं असं दूरचं नातं आहे. ते मी घरात सांगून पाहिलं. सौभाग्यवती म्हणाल्या, “देवीचं राहू द्या. हे तेल चटणीवर घ्यायचं की फावड्यावर, ते एकदा ठरवा.”

काम म्हणाल तर काहीच नाही. दुकानातून आणलेल्या दांड्यावर चकचकीत व्हार्निश असतं; ते पॉलिशपेपरने घासून काढायचं, कारण हाताला फोड येतात ते बहुतेक त्या चकाकीमुळे. मग फडक्याने तेल चोळायचं, मुरू द्यायचं, वरचं पुसून घ्यायचं. दांड्याच्या बुडाशी, जिथे लाकूड आडवं कापलेलं असतं, तिथे तेल घटाघटा पिलं जातं. झाड होतं तेव्हा पाणी वर चढवणाऱ्या नळ्या तिथे अजून तोंड उघडून बसलेल्या असतात. झाड तुटून किती वर्षं झाली, हे त्यांना कुणी कळवलेलंच नाही. काम संपल्यावर फडकं मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकायचं नाही. वाळताना हे तेल तापतं, आणि बोळ्यातली ऊब बाहेर पडायला वाट नसली तर फडकं आपोआप पेटतं. म्हणून ते दोरीवर पसरून वाळत घालायचं. आमच्या दोरीवर धुतलेल्या पांढऱ्या धोतराशेजारी ते तेलकट फडकं लटकत असतं आणि घरातलं वातावरण त्याच्याहून तापतं.

विलायती सुतारांचा यावर एक जुना नियम आहे. आठवडाभर रोज, मग महिनाभर आठवड्यातून एकदा, मग वर्षभर महिन्यातून एकदा, आणि त्यानंतर जन्मभर वर्षातून एकदा तेल द्यावं. हे वाचलं आणि मला पुण्याला दिलेल्या लेकीचे फोन आठवले. नेमका हाच क्रम. तिची आई याला विसरणं म्हणते. सुतारांच्या मते याला मुरणं म्हणतात.

कामठीची छावणी १८२१ सालची. तिच्या ऐसपैस बंगल्यांना ऐसपैस बागा आणि त्या बागांना माळी. माझ्या लहानपणी आमच्या वाटेवरच्या एका बंगल्यात एक म्हातारा माळी होता. त्याच्या खुरप्याची मूठ काळीभोर, जांभळाच्या बीसारखी गुळगुळीत. पुढे मी मास्तर झालो, तरी तो तिथेच होता. एकदा मी विचारलं, “बाबा, मुठीला तेल कोणतं लावता?” तो हसला. “तेल काऊन लागते, गुरुजी? घाम कमी पडते तिथंच तेल लागते.”

हे वाक्य मला कितीतरी वर्षं पुरलं. मग कुठेसं वाचलं, की तळहाताला तेलाच्या ग्रंथीच नसतात. घाम येतो तो निव्वळ खारं पाणी. म्हणजे म्हाताऱ्याचं गणित कुठेतरी चुकत होतं. मी आठवत राहिलो, तो कामात काय काय करायचा ते. चार वाफे खुरपले की टोपी काढायचा, तेलाने चोपडलेल्या केसांवरून हात फिरवायचा, कपाळ पुसायचा, टोपी घालायचा आणि त्याच हाताने पुन्हा खुरपं धरायचा. त्याची मूठ त्याच्या डोक्यावरचं तेल पीत होती! माझ्या डोक्यावर आता तेल घालण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही, आणि चार वाफेही एका दमात होत नाहीत. तेव्हा बाटली आणावी लागते. तेलाने तकतकणारे माझे दांडे पाहून पाहुणे म्हणतात, “वा, बागेत बरंच राबता!” मी नम्रपणे गप्प राहतो.

खरं तेल राबणाऱ्यालाच मिळावं, ही रीत आपल्याकडे आहेही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वागवलेल्या त्या घट्ट्यांवर पळसाच्या पानाने हळद आणि तूप लावतात. पण पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्हा नागपूरकरांचा तान्हा पोळा असतो, भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला. त्यात मिरवतात ते लाकडाचे बैल, ज्यांनी जन्मात कधी तास धरलेलं नाही. आमच्या घरातला बैल माझ्या लहानपणचा; आता तो नातवाकडे आहे. गेल्या पोळ्याला फावड्याचं झाल्यावर उरलेलं तेल मी त्याच्या खांद्याला चोळत बसलो. नातू बराच वेळ पाहत होता.

“आबा, यानं काय काम केलं?”

“काही नाही.”

“मग याला तेल काऊन?”

“जास्त बोलू नको,” मी म्हटलं, “अन् त्याला जरा उलटा धर. दुसरा खांदा राहिला आहे.”