अमरावतीत चालते, अकोल्यात अडते

एडिसन, न्यू जर्सी
कोजागिरीचा दुसरा दिवस

तीर्थरूप बाबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार,

वि. वि. तुमचा कालचा फोन, त्याआधी दादाचा अमरावतीहून आलेला फोन आणि त्याच्याही आधी शेजारच्या काकूंचा "पोरीनं काय कोरी सीडी पाठवली काय वो?" हा निरोप, सगळं पोचलं. फोनवर बाबा टीव्हीकडं बघत बोलतात, आई स्वयंपाकघरातून बोलते आणि दादा मध्येच दोघांशी भांडतो, त्यात माझं कोणाला ऐकू जात नाही. म्हणून नव्या डिस्कसोबत हे पत्र पाठवून राहिली. बाबा, चष्मा लावून मोठ्यानं वाचा, म्हणजे आईला वेगळं सांगावं लागणार नाही.

भांडण एवढंच की नातीच्या लेझीमची डिस्क दादाकडं अमरावतीत चालली आणि आपल्याकडं अकोल्यात चालेना. दादा म्हणतो, बाबांचा प्लेअर भंगारवाल्याला द्या. बाबा म्हणतात, अमरावतीवाल्यांनीच हाताळून खराब केली, आणि किती दिवस ठेवून घेतली ते वेगळंच. यातलं शेवटचं मात्र खरं. २०२२च्या जूनमध्ये याच अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर डांबर १०५ तासांत टाकून गिनीज बुकात नाव गेलं, आणि त्याच रस्त्यानं एवढीशी चकती यायला गणपती जाऊन नवरात्र उजाडलं. वहिनीनं ती आधी माहेरी दाखवली, मग भिशीत दाखवली, असं कानावर आलं. कौतुकानंच दाखवली असेल, मी काही म्हणत नाही.

पण डिस्क चांगली आहे आणि प्लेअरही चांगला आहे. घोळ तुमच्या जवायांनी केला. कंपनीत लोक त्यांना कम्प्युटरमधलं विचारायला येतात, त्यामुळं घरात त्यांना कोणी विचारायचं नाही असा नियम आहे. आमच्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नाही (आता बहुतेक लॅपटॉपना नसते), तेव्हा बाहेरून जोडायचा बर्नर मागवला. फोनमधली फाइल उचलली, डिस्कवर टाकली, बटण दाबलं, "झालं" म्हणाले. वांगी, कणीक अन् गोवऱ्या अंगणात आणून टाकल्या म्हणजे रोडग्यांची पंगत उठली का हो? आपला प्लेअर जुन्या वळणाचा आहे. त्याला डिस्कवर ठरलेल्या नावाचं फोल्डर लागतं, त्यात एमपेग-२ पद्धतीनं रचलेलं चित्र लागतं, आणि तेही १ जीबीच्या आतले तुकडे करून, ठरलेल्या नावांनी. दादाचा प्लेअर नंतरचा. फोनमधली एमपी४ फाइल तशीच्या तशी वाचणाऱ्यांपैकी तो निघाला. त्यात अमरावतीचं कर्तृत्व काही नाही, हे दादाला माझ्या नावानं सांगा.

चौकातल्या दुकानदारानं "अमेरिकेची सीडी इकडे चालतच नसते, रिजन असते तिला" असं सांगितलं आणि रिमोटवर कसले तरी आकडे दाबून रिजन तोडून देतो म्हणाला. त्याला पैसे देऊ नका. रिजन ही भानगड सिनेमा कंपन्यांची. त्यांनी जगाचे वाटे पाडले, अमेरिकेला १ नंबर दिला, इंग्लंडला २, आपल्याला ५, म्हणजे इथं विकत घेतलेला सिनेमा तिथं लागू नये. घरी लिहिलेल्या डिस्कवर असलं कुलूप कोणी घालत नाही. आपल्या नातीच्या लेझीमवर कोणाचा हक्क असणार?

अमेरिका आणि अकोला यांचं खरं वाकडं आहे ते वेगळ्याच ठिकाणी, आणि बाबा, ते तुम्हाला पटकन कळेल, कारण अख्खा जन्म वीज मंडळात काढला तुम्ही. आपली वीज ५० सायकलची, म्हणून आपल्या टीव्हीची चित्रं सेकंदाला २५. इथली वीज ६० सायकलची, म्हणून इथली चित्रं ३० (खरं तर रंगीत टीव्ही आल्यावर २९.९७ झाली, पण ती कथा पुन्हा कधी). आपल्या चित्राला ५७६ ओळी, इथल्या चित्राला ४८०. आपली ती पाल पद्धत, १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं ते तिच्यावरच. इथली एनटीएससी. गंमत अशी की आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही पद्धती मुकाट्यानं चालवून घेतात, इथले बहुतेक स्वतःची सोडून दुसरी ओळखतच नाहीत.

आमच्या लग्नाची डीव्हीडी याच फेऱ्यात अडकली होती, आठवतं? शूटिंगवाल्या भाऊनं मोठ्या हौसेनं मिक्सिंग केलं होतं. कमळ उमलतं, त्यातून नवरदेव निघतो, मग मी एका बदामात फिरत फिरत येते आणि खाली राजराजेश्वराचं देऊळ. इथल्या प्लेअरमध्ये घातली तर त्यानं थोडं घरघरून डिस्क बाहेर काढून दिली. दुसऱ्यांदा घातली, पुन्हा बाहेर. हे म्हणाले, बघ, त्यालाही लग्न नको आहे. शेवटी लॅपटॉपवर पाहिलं, कारण लॅपटॉपला पाल-एनटीएससी दोन्ही सारखेच. आणि पाहिलं तेव्हा कळलं की मंगलाष्टकांच्या वेळी मामांचं तोंड म्हणजे नुसते चौकोन! त्याचं कारण आत्या. अहेराचा एक मिनिटही कापायचा नाही, कोणी काय दिलं त्याचा तो पुरावा आहे, असं तिनं भाऊला बजावलं होतं. डिस्कवर माल मावतो ४.७ जीबी, त्यात चांगलं चित्र दोन तासांचं राहतं. तिथं साडेतीन तास कोंबले की प्रत्येक क्षणाच्या वाट्याला डेटा कमी येतो आणि माणसांचे चौकोन होतात. पुरावा मात्र शाबूत आहे. स्टीलचे डबे कोणी दिले ते सगळं स्पष्ट दिसतं.

(दादाला ४.७ जीबीची डिस्क कम्प्युटरवर ४.३७च्या आसपास दिसते आणि तो दुकानदाराशी भांडतो. दुकानदार लुबाडत नाही. कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते आणि कम्प्युटर १०२४च्या.)

बाबा, तुम्ही इथूनच एक प्लेअर पाठव म्हणालात. तो १२० व्होल्टचा असतो. २३० मध्ये खोवला तर काय होईल ते मी तुम्हाला काय सांगणार!

आता नव्या डिस्कविषयी. या वेळी मी स्वतः बसले. आधी फाइल डीव्हीडीच्या पद्धतीत रचून घेतली, मग डिस्क सावकाश लिहिली, ४च्या वेगानं. डब्यावर १६ लिहिलेलं असतं, पण घरी लिहिलेल्या डिस्कवरून उजेड आधीच कमी परावर्तित होतो, त्यात घाईनं लिहिलं तर जुन्या प्लेअरच्या लेझरला धड दिसत नाही. शेवटी फायनलाइझ केली, ते राहून गेलं तर प्लेअर सरळ "नो डिस्क" म्हणतो. पाकिटात दोन आहेत. "पाल" लिहिलेली आधी लावा. तीत लेझीमचा ठेका एखाद्या ठिकाणी अडखळल्यासारखा दिसेल. फोननं ३० चित्रं टिपली होती, त्यांची २५ करताना मधली काही गाळली गेली. पोरगी कुठं चुकली नाही, हे काकूंना आधीच सांगून ठेवा. ते अडखळणं खटकलं तर दुसरी, एनटीएससीची, लावा. आणि दोन्ही बाजूंना काळं दिसेल तेव्हा "हे कोणं झाकून ठेवलं बाप्पा" म्हणू नका, तुमच्या जवायांनी फोन उभा धरला होता.

आई, आता तुला. मागच्या डिस्कला तू हळदकुंकू लावलंस. नवी वस्तू घरात आली, लावलंस, बरोबरच आहे. पण ती चकती आत मिनिटाला ६०० ते १५०० फेरे घेते. कुंकू कुठं गेलं असेल याचा विचार कर. या वेळी प्लेअरला लाव, वरून, झाकणावर. कागदाचा गणपतीही चिकटवू नकोस, चकती एका अंगाला जड होते आणि थडथडते. पुसायची झाली तर मऊ सुती कापडानं मधून बाहेर सरळ पुसायची, ताटासारखी गोल गोल नाही. आणि खिडकीत ठेवायची नाही. आपल्याकडचं ऊन काय असतं ते तुला माहीत आहे, लिहिलेल्या डिस्कचा आतला रंग उन्हानं उडतो आणि त्याबरोबर नातही उडेल.

मधल्या कपाटातल्या त्या अठ्ठावीस रुपयांच्या व्हीसीडी मात्र उन्हात ठेवल्या तरी मला दुःख नाही. २००७ साली मोझर बेअरनं त्या काढल्या तेव्हा बाबा भाजीच्या पिशवीत घालून आणायचे. एक सिनेमा दोन-तीन चकत्यांत, आणि नेमकी मारामारीच्या आधी चकती बदलायला मलाच उठवायचे. त्यांचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, तरी "किती साफ हाय" म्हणत तुम्ही पाहत होता. ती कंपनी बंद पडली, पण तुमचं कपाट चालूच.

एवढं करूनही चाललं नाहीच, तर टीव्हीच्या मागं यूएसबीचं भोक आहे, त्यासाठी पाकिटात पेनड्राइव्ह ठेवला आहे. फॅट३२ करून, फाइल ४ जीबीच्या आत ठेवून, फोनचं नवं एचईव्हीसी काढून साध्या एच.२६४ मध्ये घातली आहे. मला तेच सोपं वाटतं, पण बाबांना डिस्क आत जाताना दिसली नाही तर सिनेमा सुरू झाल्यासारखा वाटत नाही, म्हणून ही सगळी खटपट.

चाललं की फोन करा. फक्त टीव्हीसमोर बसून टीव्हीचंच शूटिंग करून व्हॉट्सअॅपवर टाकू नका, बाबा. मागं आम्ही पाठवलेला वाढदिवस तुम्ही तसाच आम्हाला परत पाठवलात. त्यात अर्धा पडदा, वरचा पंखा आणि आईचं "दूध उतू जाऊन राहिलं नं" एवढंच होतं. ते आम्ही जपून ठेवलं आहे, पण आणखी नको.

दादा-वहिनीला नमस्कार, डिस्क अमरावतीला परत पाठवायची गरज नाही.

तुमची,
बेबी