गच्चीवर म्हणे वीरभद्र येतो

अहो, तुम्हाला कळलं का? नाही? मग सालवडमध्ये राहून करता तरी काय तुम्ही!

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर रोज सकाळी सहाला चौदा माणसं जमतात. पापड वाळत घालायला जमत असती तर मी चकार शब्द काढला नसता. ही माणसं चक्क आडवी पडायला जमतात! तळमजल्यावरच्या काकू गुडघ्यांचं कारण सांगून सहा वर्षं वरच्या मजल्यांवर हळदीकुंकवाला आल्या नाहीत. त्याच काकू आता चार जिने चढून वर जातात आणि एका पायावर उभ्या राहतात. दुसऱ्या मजल्यावरच्या भाऊंची तर तऱ्हाच निराळी. थर्ड शिफ्ट करून ते सातला कंपनीच्या बसमधून उतरतात, तेव्हा वर शवासन चाललेलं असतं. भाऊ बूट काढतात आणि थेट त्यातच सामील होतात. बाकीचे उठून घरी जातात, भाऊ साडेनवापर्यंत शवासनातच. घोरण्याचा आवाज टाकीपर्यंत घुमतो. त्यांच्या बायकोनं मला भाजीच्या गाडीशी गाठून हळूच विचारलं, "वहिनी, हे घरी झोपायचं सोडून वर का हो झोपतात?" काय सांगणार मी!

आमचं घर सगळ्यात वर, गच्चीला लागून. स्वयंपाकघराची खिडकी उघडी असली की वरचं सगळं ऐकू येतं. मी मुद्दाम ऐकत नाही, ऐकू येतं. आणि काय काय ऐकू येतं! "काल वसिष्ठात माझा खांदा भरून आला." "मच्छिंद्र उजवीकडे होतो, डावीकडे अडकतो." ऋषिमुनींची अशी नावं घेऊन ही माणसं सोज्वळ चेहऱ्यानं खाली उतरतात, जशी सत्यनारायणाचा प्रसाद घेऊनच आलीत. त्या नावांमागच्या भानगडी कुणी विचारल्यात का?

वीरभद्रासनच घ्या. दक्षानं यज्ञ मांडला, साऱ्या देवांना आवतण दिलं आणि जावयाला तेवढं वगळलं. लग्नाच्या याद्या करताना आपल्याकडे अजून हेच होतं. सती बिनबोलावता माहेरी गेली, तिथं नवऱ्याचा अपमान ऐकला आणि तिनं देह टाकला. शंकरानं जटा उपटून जमिनीवर आपटली, त्यातून वीरभद्र उठला आणि त्यानं सासऱ्याचं मुंडकंच उडवलं. पुढे समेट झाला तेव्हा दक्षाच्या धडावर बोकडाचं डोकं बसवावं लागलं. वीरभद्रासनाचे तीन प्रकार असतात. जमिनीतून वर येणारा, शत्रूवर नजर रोखणारा आणि झेप घेणारा, असं वर योगाचा वर्ग घेणारे सर समजावून सांगतात. म्हणजे आमच्या गच्चीवर रोज सकाळी एका घराण्याचं भांडण तीन अंकांत चालतं आणि चौदा जण श्वास मोजत ते करतात.

वसिष्ठासनात एका हातावर कुशीवर देह तोलायचा. त्याच्यापुढचं विश्वामित्रासन आमच्याकडे अजून कुणाला जमलेलं नाही. या दोघांचं भांडण कशावरून? गाईवरून! विश्वामित्र तेव्हा राजा होता. वसिष्ठांची गाय त्याला हवीच होती, जबरदस्ती करायला गेला आणि तोंडावर आपटला. मग रागानं तपाला बसला, तर मेनका आली. पुढचं सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. अशा माणसाच्या नावाचं आसन मुलंबाळं असलेल्या बायकांना शिकवतात हो!

पण सगळ्यांवर कडी केली ती मत्स्येंद्रासनवाल्या मच्छिंद्रनाथांनी. शंकर पाण्याच्या काठी पार्वतीला योगाचं गुह्य सांगत होते. पार्वतीला डुलकी लागली, असंही सांगतात. पाण्यात एक मासोळी होती, तिच्या पोटातल्या गर्भानं सगळं ऐकलं. तोच पुढे मच्छिंद्रनाथ. म्हणजे हा सगळा योग माणसात आला तो चोरून ऐकून! आणि एवढा मोठा योगी पुढे स्त्रीराज्यात जाऊन असा रमला की गोरक्षनाथाला वेष पालटून, मृदंग वाजवून गुरूला शुद्धीवर आणावं लागलं. श्रावणात नवनाथ भक्तिसाराचं पारायण करणाऱ्या घरांतून हे सगळं मोठ्यानं वाचलं जातं. मी नुसतं सांगितलं की मात्र मी चोंबडी.

ही मासोळीची गोष्ट मी आमच्या कोळीण मावशीला सांगितली. ती बाजारात पाटीमागे दोन पायांवर उकिडवी बसते, दोन-दोन तास, टाच न उचलता. वर त्याला मलासन म्हणतात आणि ते जमावं म्हणून टाचेखाली घडी घातलेला टॉवेल देतात. मावशीनं बोंबलाचा वाटा लावता लावता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मासा एवढा शिकलेला, तर आमच्या जाल्यात कशाला येतो?"

आता कुणी म्हणेल, बाई, हे सगळं हजारो वर्षांचं आहे, जपून बोला. तर ऐका. साधारण पंधराव्या शतकातली हठप्रदीपिका नावाची योगाची पोथी म्हणते, शिवानं चौऱ्याऐंशी आसनं सांगितली. प्रत्यक्षात ती वर्णन करते पंधराएक. मत्स्येंद्रासन त्यात आहे. वीरभद्रासन शोधून दाखवा! ते गाजलं विसाव्या शतकात. म्हैसूरला कृष्णम्माचार्यांकडे शिकलेले बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्यात आले आणि पुण्याचेच झाले. व्हायोलिनवाले मेनुहिन 1952 साली मुंबईत त्यांना भेटले, दोन वर्षांनी त्यांना स्वित्झर्लंडला घेऊन गेले. आणि 1966 साली अय्यंगारांचं इंग्रजी पुस्तक आलं, त्यात फोटोंसकट वीरभद्र उभा. नाव पुराणातलं, उभं राहणं आजोबांच्या काळातलं.

आणि ही वर्गाची टूम तरी कुठली? आपल्याच रेल्वे लाइनवरची. श्री योगेंद्रांनी 1918 साली वर्सोव्याला संस्था काढली, ती आज सांताक्रूझला आहे. त्यांचे गुरुबंधू स्वामी कुवलयानंद यांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योग्यांची पोटं एक्स-रेखाली धरली. आमचा पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला, आणि त्याच डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी 21 जून हा योगदिन ठरवला. एका वर्षाची भावंडं.

प्राणायामाचं मात्र आमच्याकडे विशेष आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या यादीत आमचं तारापूर औद्योगिक क्षेत्र 93.69 गुण मिळवून देशात पहिलं आलं होतं. परीक्षा प्रदूषणाची होती, म्हणून पेढे वाटले नाहीत. त्यामुळे वरचे सर आधी कठड्याशी जाऊन नाक वर करतात. वारा कारखान्यांकडून असला की "आज फक्त आसनं" म्हणून जाहीर करतात. दीर्घ श्वास घ्या, असं त्या दिवशी कुणाला सांगायची सोय नसते.

आता खरं सांगते, पण हे तुमच्यातच ठेवा. गेले चार महिने मीही करते. स्वयंपाकघरात, ओट्याला धरून, वरून ऐकू येईल तसं. मासोळीनं केलं, मी केलं तर कुठे बिघडलं? पहिल्या आठवड्यात वीरभद्रात गुडघा असा दुखला की जिना उतरवेना. नंतर वरून आवाज आला, "गुडघा घोट्याच्या पुढे जातोय, मागे घ्या." तो आवाज काकूंसाठी होता, दुखणं माझं थांबलं. अर्धमत्स्येंद्रात कळलं की माझी पाठ डावीकडे वळतच नाही. तीस वर्षं गॅस उजवीकडे, फोडणीचा डबा उजवीकडे, मी उजवीकडे. आता डबा डावीकडे ठेवलाय. आणि वृक्षासनात खिडकीतून समोरच्यांच्या गॅलरीत काय चाललंय ते बघितलं की पाय हटकून खाली येतो. नळाच्या तोटीकडे बघितलं तर वीस आकडे टिकतो. एवढं एक सोडलं तर बाकी काही साधलं नाही. दूध मात्र तीनदा उतू गेलं.

मागच्या मंगळवारी मी तोटीकडे बघत एका पायावर उभी असताना वरून सरांचा आवाज आला, "खालच्या वहिनींनी खांदे सैल सोडावेत." खिडकीतून ऐकू येतं, तसं दिसतंही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तेव्हा उद्यापासून वर जाणार आहे. तुम्हाला यायचं तर सहाच्या आत या, गच्चीची किल्ली तळमजल्यावरच्या काकूंकडे असते. चटई आपापली आणा. जाडजूड गोधडीही चालते. आणि भाऊंच्या शेजारची जागा घेऊ नका.