हॅम्लेटच्या गावचा जकात नाका

कोपनहेगनहून रेल्वेने पाऊण तासात हेल्सिंगोर येतं. इथला क्रोनबोर्ग किल्ला म्हणजे शेक्सपिअरच्या हॅम्लेटचं घर. आमच्या मंडळींनी उतरल्याउतरल्या नाटकातल्या भुताची चौकशी सुरू केली. काका मात्र थेट तटबंदीवर गेले. जकात खात्यात उभा जन्म काढलेला माणूस. समोर जेमतेम चार किलोमीटर पाणी, पलीकडे स्वीडन. काका म्हणाले, "नाक्याला याहून मोक्याची जागा जगात नसेल!"

अगदी बरोबर. १४२९च्या सुमारास डेन्मार्कच्या राजा एरिकने इथून जाणाऱ्या जहाजांवर कर बसवला. पुढे तो मालाच्या किमतीवर आला. किंमत कप्तानानेच सांगायची. फक्त त्या किमतीला माल विकत घ्यायचा हक्क राजाला! कमी सांगावी तर माल जातो, जास्त सांगावी तर कर वाढतो. हे ऐकून काकांनी टोपी काढली.

या पैशावर दुसऱ्या फ्रेडरिकने १५७४ ते १५८५मध्ये जुन्या गढीचा राजवाडा केला. नाचाचा दिवाणखानाच ६२ मीटर लांब. १६२९मध्ये वाडा जळाला, तर चौथ्या ख्रिश्चनने तो पुन्हा उभारला. कर मात्र १८५७पर्यंत चालू होता, आणि बंद करतानाही डेन्मार्कने इतर देशांकडून घसघशीत भरपाई घेतली.

आता वसुली हॅम्लेटच्या नावाने चालते. मूळ दंतकथेतला आम्लेथ राहायचा दूर जटलंडात, आणि शेक्सपिअर इथे कधी आल्याचा पुरावा नाही. तरीही १८१६मध्ये सैनिकांनी किल्ल्यातच 'हॅम्लेट' केलं. १९३७मध्ये नट लॉरेन्स ऑलिव्हिए हॅम्लेट करायला आले, तेव्हा असा पाऊस कोसळला की पहिला प्रयोग हॉटेलात हलवावा लागला. राजपुत्राची द्विधा पावसाने मिटवली.

तळघरात होल्गर डान्स्केचा भलामोठा पुतळा बसल्याबसल्या झोपलाय. देशावर संकट आलं की हा वीर उठणार, अशी आख्यायिका. १६५८मध्ये स्वीडिश सैन्याने किल्ला घेतला, अंगणातल्या कारंज्याच्या मूर्तीसुद्धा नेल्या. होल्गर उठला नाही. १९४०मध्ये जर्मन आले, तरी नाही. शेवटी लोकांनीच त्याच्या नावाचा प्रतिकार गट काढून लढा दिला.

मंडळी हसली. काका मात्र त्याच्या बाजूने उभे राहिले. "हसू नका," ते हळूच म्हणाले, "रात्रपाळी करून आला असेल."